बंद काचा आणि गाडीतील हवा

बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावरून जातात. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीतील मंडळींचेही अर्ज येऊ लागले आहेत, हे पाहून आनंद होतो. कर्ज घेणारा हप्ता, व्याज, विमा सारे बारकाईने विचारतो. गाडीतला एसी आणि हीटर कसा वापरावा, हे मात्र कोणी विचारत नाही. ते सांगणे बँकेचे कामही नव्हे, म्हणून येथे लिहितो.

हीटरसाठी वेगळे इंधन जळत नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणी स्वतः तापते, ते एका छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि पंखा त्यावरून हवा आत सोडतो. म्हणून गाडी सुरू केल्याबरोबर गरम हवा येत नाही. घाटात इंजिन तापू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. आत घामाच्या धारा लागतील, पण इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत निभावते.

एसी हवा थंड करतो, तसाच कोरडीही करतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात काच आतून धुरकट झाली की चालक एका हाताने फडके फिरवतो. त्याऐवजी एसी चालू ठेवून हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडावा व बाहेरची हवा आत घ्यावी. धुके बाहेरच्या बाजूला धरले असेल, तर काच फार गार झाली असे समजून गारवा कमी करावा आणि वायपर फिरवावा. आतलीच हवा फिरवण्याचे बटण ट्रकच्या धुरामागे किंवा बोगद्यात उपयोगी. ते तासन्‌तास दाबून ठेवल्यास श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि चालकाला पेंग येते.

खरी भीती आहे उभ्या गाडीत. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना आम्ही ढाब्यावर थांबलो. भाड्याच्या गाडीचा चालक इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपला. जेवून आलो तेव्हा काचेवर कितीतरी वेळ थापा माराव्या लागल्या. दार उघडले तर डोके धरून बसला, त्याला मळमळत होते. त्याला मोकळ्या हवेत आणले आणि तसेच जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे त्याला प्राणवायू लावला. सायलेन्सरचा पाइप गंजून फुटला होता, हे दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळले. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. माणूस झोपेत असेल तर डोकेदुखीची सूचनाही त्याला मिळत नाही. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, कोणतीही गाडी असो, इंजिन चालू ठेवून बंद जागेत झोपू नये. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये.

इंजिन बंद केले म्हणजे मूल गाडीत ठेवून दुकानात जाता येते, असेही नाही. उन्हात आतले तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी चढते. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

एसी चालू असता गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते, त्याला घाबरू नये. ती हवेतलीच ओल आहे. पाणी गाडीच्या आत, पायाखाली साचू लागले, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ती मिस्त्रीकडून साफ करून घ्यावी.