परीक्षा यंत्राची, शिक्षण माणसाचे

सिल्वासाहून वापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कारखान्यांचे अवजड मालट्रक, कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाक्या यांची अखंड दाटी असते. खानवेलची वाट धरावी तर डोंगराळ वळणे पुढे येतात. अशा रस्त्यांवर प्रथमच मोटार घेऊन उतरणाऱ्याच्या खिशात सरकारी परवाना असतो. तो कशाच्या बळावर दिला गेला, हा प्रश्न केवळ कचेरीपुरता उरत नाही. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे प्राणांस मुकली, हे विसरून चालणार नाही.

मैदानात गाडी चार हात पुढे, दोन हात मागे नेली की परवाना हाती, ही 'पी हळद आणि हो गोरी' अशातली रीत झाली. तिच्यावर उपाय म्हणून सेन्सर बसविलेले परीक्षामार्ग आले. शेजारच्या गुजरातनेही ते उभारले. आठाच्या आकड्यासारखी वाट, चढावर थांबून पुन्हा निघणे, गाडी मागे घेऊन नेमक्या जागी उभी करणे, यांत चाक कडेला लागले तरी नोंद होते. डेहराडूनला २०१९ पासून काचेवर लावलेल्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने चालकाने आरशात पाहिले की नाही, हेही तपासले गेले. यंत्राला वशिला कळत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय.

तथापि नापास करणे म्हणजे शिकविणे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने तीनदा अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवारास पुन्हा प्रशिक्षण घेण्याचे बंधन घातले. आमचा प्रश्न असा की, तिसऱ्या अपयशापर्यंत थांबावे कशासाठी? कोठे चुकले, हे सेन्सर पहिल्याच दिवशी सांगतात. ती नोंद उमेदवाराच्या हाती, त्याला कळणाऱ्या भाषेत पडली पाहिजे. ती प्रशिक्षण शाळेकडेही गेली पाहिजे. एकाच शाळेचे विद्यार्थी वारंवार एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर जाब शाळेला विचारावा.

२०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचे शिक्षण ठरविले. त्यांपैकी २१ तास प्रत्यक्ष चालविण्याचे आहेत. पाळी सुटताना रस्त्यावर लोटणारी गर्दी आणि पावसाळी रात्र परीक्षामार्गावर भेटत नाहीत. म्हणून या तासांतील काही तरी तास अनुभवी शिक्षकासह खऱ्या रस्त्यावर खर्ची पडावेत. सिल्वासाच्या प्रशासनाने यंत्राच्या नोंदीला शिक्षकाची जोड द्यावी, असा आमचा आग्रह आहे. चूक मैदानात सापडली, तर एक फेरी वाया जाते. ती वापीच्या रस्त्यावर सापडली, तर एखादे घर उघडे पडते.