बुरशीतले विषाणू (भाग ७) : चेस्टनटचा इलाज उसाला चालेल का?

यीस्टमधल्या मारक विषाणूंबद्दल या आठवड्यात लिहायचे ठरले होते. ते पुढच्या खेपेला लिहीन, कारण लखनौच्या इंदिरानगरातून एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो इतका नेमका आहे की बाजूला ठेववत नाही. विषाणूने युरोपातली चेस्टनटच्या झाडांवरची बुरशी नरम पडली, तर उसाची लाल कूज करणाऱ्या बुरशीवर तोच उपाय का करू नये, असे ते विचारतात. लखनौत १९५२ पासून भारतीय ऊस संशोधन संस्था आहे आणि तिथून हा प्रश्न यावा हे साहजिक आहे. ‘को ०२३८’ या एकाच वाणाने उत्तर प्रदेशातल्या उसाचे ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले होते, आणि नेमका तोच वाण लाल कुजीला बळी पडू लागला. कोलेटोट्रायकम फाल्कॅटम ही बुरशी कांडीच्या आत वाढते. कांडी उभी चिरली की लाल पट्टा आणि त्यात आडवे पांढरे डाग दिसतात, आणि आंबूस वास येतो.

उत्तराची सुरुवात विषाणूच्या वाटेपासून करावी लागते. बुरशीतले बहुतेक विषाणू पेशीबाहेर पडून नवा यजमान शोधत नाहीत. बुरशीचे दोन तंतू एकमेकांत मिसळले तर ते एकातून दुसऱ्यात जातात, किंवा बीजाणूंत बसून पुढच्या पिढीत उतरतात. तिसरी वाट बहुतेकांना नाही. यजमान मेला तर विषाणूही संपतो, म्हणून मारून टाकणारे विषाणू टिकत नाहीत आणि निमूटपणे राहणारे टिकतात. पेनिसिलियम क्रायसोजेनम ही जात १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही पेनिसिलिन देत होती. तिच्यात विषाणू असू शकतात हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाले. तोवर जगभर तिच्यापासून औषध बनत होते आणि विषाणूची शंकाही कुणाला आली नव्हती.

यावर बटण अळिंबीचे उदाहरण पुढे केले जाईल. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ला फ्रान्स बंधूंच्या अळिंबीघरात एक रोग दिसला. छत्र्या वेड्यावाकड्या येत, लवकर उघडत आणि उत्पादन कोसळे. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज यांनी अशा रोगट अळिंबीत विषाणू दाखवले. मग विषाणू निमूट राहतात हे म्हणणे टिकते का? माझ्या मते टिकते, कारण इथे वाट माणसाने करून दिलेली आहे. मागच्या पिकाचे तंतू लाकडी पेट्यांत राहून जातात, त्याच पेट्यांत जवळच्या नात्याचे नवे बियाणे पडते आणि तंतू लगेच जुळतात. यजमान खंगला तरी विषाणूचे बिघडत नाही, कारण पुढचा यजमान शेतकरी स्वतःच आणून देतो. म्हणूनच पीक संपल्यावर वाफेने खोली तापवणे आणि छत्री उघडून बीजाणू उडण्याआधी तोडणी करणे, या दोन गोष्टींनी हा रोग आटोक्यात येतो.

आता चेस्टनट. युरोपात चेस्टनटच्या जखमा भरून येत असल्याचे बिराघी यांचे १९५१ चे निरीक्षण आणि त्यामागचे कारण शोधणाऱ्या ग्रांत यांचे काम मागच्या भागात आलेच आहे. तो विषाणू बुरशीला मारत नाही, अशक्त करतो, आणि सालीवरची जखम भरून यायला झाडाला सवड मिळते. पण अमेरिकेतल्या जंगलात हाच उपाय फारसा चालला नाही, आणि लखनौच्या प्रश्नाचे उत्तर या अपयशातच आहे. दोन तंतू जुळायचे की नाही हे त्या बुरशीत सहा जनुकस्थाने ठरवतात. प्रत्येकाची दोन रूपे धरली तर ६४ गट होतात. गट वेगळे असले की स्पर्शाच्या जागी पेशी मरतात आणि विषाणू बहुधा तिथेच अडकतो. युरोपात बहुतेक ठिकाणी गट थोडे होते, अमेरिकेच्या पूर्व भागात पुष्कळ. विषाणू तोच होता, फरक बुरशीच्या समाजात होता. हे अडसर जनुकबदलाने काढता येतात हे २०१६ मध्ये झांग आणि नस यांनी दाखवले. तरी शेतात अशी बुरशी मुद्दाम सोडायला परवानगी मिळवणे हे वेगळेच काम आहे.

म्हणून लाल कुजीसाठी जोरदार विषाणू शोधत बसण्याआधी शेतांतल्या बुरशीचे नमुने घेऊन त्यांचे गट मोजले पाहिजेत. गट थोडे निघाले तर आशा आहे. तरीही एक अडचण राहते. चेस्टनटची जखम सालीवर असते, तिथे उपचाराची बुरशी लावता येते. उसात रोग मुख्यतः बेण्यातून कांडीच्या आत येतो, तिथे ती पोहोचवायची कशी?

या सगळ्याला एक ठळक अपवाद आहे. मोहरीवर खोडकूज आणणाऱ्या स्क्लेरोटिनिया बुरशीत चीनमधल्या संशोधकांना डीएनए असलेला एक विषाणू सापडला. ते संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या विषाणूचे कण बाहेरून फवारले तरी बुरशीत शिरतात, तंतू जुळण्याची गरज पडत नाही. २०२० मध्ये त्याच देशातून पुढचे काम आले: हा विषाणू असलेली बुरशी मोहरीच्या जवळच्या नात्यातल्या रेपसीड पिकात रोग न करता आत राहते आणि पिकाला उपयोगीही पडते. उत्तर भारतात मोहरीची खोडकूज हे मोठे दुखणे आहे. तेव्हा उत्तर प्रदेशात विषाणूचा प्रयोग करायचाच असेल तर तो उसावर नको, मोहरीवर आधी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उसासाठी आज हाती असलेले उपाय जुनेच आहेत: बेणे निरोगी प्लॉटमधलेच घ्या, लाल कूज दिसलेले बेट मुळासकट काढून नष्ट करा आणि त्या शेतात खोडवा ठेवू नका.