घरगुती ध्वनिमुद्रण आणि स्वस्त मायक्रोफोन

इ. स. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हां मायक्रोफोन ध्वनिमुद्रणाच्या कामीं आलेला नव्हता. गायकानें मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून गावयाचें, आणि त्या आवाजाच्याच जोरानें सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची, अशी ती रीत होती. १९२५ च्या सुमारास विद्युत् मुद्रण प्रचारांत आलें व गायकाची कर्ण्यापासून सुटका झाली. तरी मुद्रणाची सामग्री पुढें दीर्घकाळ कंपन्यांच्या आणि नभोवाणीकेंद्रांच्याच हातीं राहिली. आज ती मध्यम स्थितीच्या कुटुंबासही परवडते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळांतील एखाद्या वृद्ध गृहस्थांचे अभंग, संगीत शिकणाऱ्या मुलीचा रियाज, हें सारें घरच्या घरीं टिपून ठेवतां येतें.

ठेवतां येतें खरें. पण पुष्कळदां ठेवलेलें ऐकूं लागल्यावर निराशा होते. आजीच्या गळ्याहून पंख्याची घरघर आणि भिंतींचा घुमारा अधिक ठळक ऐकूं येतो. दोष मायक्रोफोनच्या स्वस्तपणावर येतो आणि अधिक किमतीचा मायक्रोफोन आणला जातो. त्यानेंही विशेष फरक पडत नाहीं, कारण मूळ कारण निराळेंच असतें. माणूस गर्दींतही हवा तो आवाज निवडून ऐकतो. बाकीच्यांकडे त्याचें मन दुर्लक्ष करतें. मायक्रोफोनला कान आहे, मन नाहीं. समोर येईल तें तो सारख्याच निष्ठेनें टिपतो. तेव्हां त्याच्यासमोर काय येऊं द्यावयाचें, हें ठरविणें गाणाऱ्याच्या हातीं आहे.

मायक्रोफोनचे घरगुती उपयोगाचे मुख्य प्रकार दोन. पहिला डायनॅमिक. यांत एका पातळ पडद्यास तारेचें वेटोळें जोडलेलें असतें. आवाजानें पडदा हलला कीं वेटोळें लोहचुंबकाच्या क्षेत्रांत हलतें व त्यांत वीज उत्पन्न होते. हा प्रकार दणकट असून त्यास बाहेरची वीज लागत नाहीं. शूर कंपनीचा एस्‌एम ५८ हा या जातीचा प्रसिद्ध मायक्रोफोन १९६६ सालीं निघाला व आजही विकला जातो. दुसरा प्रकार कंडेन्सर. यांत अतिशय पातळ पडदा व त्यामागील धातूची चकती यांच्यांत विद्युत्भार राखलेला असतो, आणि दोहोंमधील अंतर बदललें कीं विजेचा दाब बदलतो. हा अधिक संवेदनशील असतो. श्वासाची नाजूक लकेरही तो टिपतो. मात्र त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, व तो ऑडिओ इंटरफेस या पेटींतून मिळतो. १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जेम्स वेस्ट व गेऱ्हार्ड सेसलर यांनीं भार कायम धरून ठेवणाऱ्या पडद्याचा मायक्रोफोन सिद्ध केला, आणि तेव्हांपासून कंडेन्सर स्वस्त होत गेला.

डायनॅमिक मायक्रोफोनला खोलीचा आवाज ऐकूंच येत नाहीं, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाहीं. तो बहुधा ओठांशी धरून वापरला जातो, म्हणून खोलीच्या मानानें गळा मोठा ऐकूं येतो. कंडेन्सर तितकाच जवळ आणला तर त्यांतही खोली मागें पडते. निवड करावयाची ती घर व गळा पाहून. रस्त्यालगतचें घर व मोकळा, जोरकस आवाज असेल तर डायनॅमिक घ्यावा. शांत खोली व मृदु आवाज असेल तर कंडेन्सर घ्यावा. कारण हळू आवाजासाठीं डायनॅमिकची पातळी फार वाढवावी लागते, आणि स्वस्त इंटरफेसमध्यें तिच्याबरोबर सूं असा आवाजही वाढतो. इंटरफेसचा खर्च झेपत नसेल तर थेट संगणकास जोडावयाचा यूएसबी मायक्रोफोन पुरेसा आहे. हेडफोन लावण्याची सोय त्याच्यावरच असेल असा पाहावा, म्हणजे स्वतःचा आवाज विलंबानें कानीं येत नाहीं. आणि ठरलेली सर्व रक्कम मायक्रोफोनवरच खर्चूं नये. स्टँड, केबल, हेडफोन व पॉप फिल्टर यांच्यासाठीं तींतून आधींच कांहीं बाजूस ठेवावी.

आतां खोलीविषयीं. शहाबादी फरशी, उघड्या भिंती व काचेच्या खिडक्या आवाज परतवितात. खोलीच्या मध्यभागीं एक टाळी वाजवून पाहावी. मागाहून झणत्कार ऐकूं आला तर तो गाण्यांतही उतरणार. यावरचा उपाय बहुतेक घरांत असतोच. गाणाऱ्याच्या पाठीमागें व दोन्ही बाजूंस दोरीवर जाड गोधड्या टांगाव्या, खालीं सतरंजी अंथरावी, कपड्यांचें उघडें कपाट जवळ असल्यास त्याचा उपयोग करावा. पंखा बंद करावा. शेजारच्या कुकरची शिटी व शाळेची घंटा यांच्या वेळा सांभाळाव्या.

यानंतर अंतर. ओठ व मायक्रोफोन यांमधील अंतर निम्में केलें कीं गळ्याचा थेट आवाज सुमारें ६ डेसिबलनें वाढतो. भिंतींवरून परतणारा मात्र होता तितकाच राहतो. या एका गोष्टीनें जें साधतें, तें किमतीनें सहसा साधत नाहीं. साधारण एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, हें अंतर बहुतेकांस मानवतें. चार बोटांपेक्षां जवळ गेल्यास खर्ज अवाजवी फुगतो. प, फ, ब, भ या वर्णांबरोबर निघणारा हवेचा झोत पडद्यावर आदळून धडका उमटवितो. त्यासाठीं मधें पॉप फिल्टर धरावा व मायक्रोफोन ओठांच्या समरेषेंतून किंचित् बाजूस सारावा.

दिशाही महत्त्वाची आहे. घरगुती मायक्रोफोन बहुधा कार्डिऑइड जातीचे असतात. ते समोरचें चांगलें ऐकतात व मागचें सर्वांत कमी. म्हणून त्यांची पाठ गोंगाटाच्या खिडकीकडे करावी. कित्येक मोठे कंडेन्सर शेंड्याकडून ऐकत नसून कुशीकडून ऐकतात. त्यांच्या शेंड्यांत गाणारे नवशिके अनेक आहेत, आणि आवाज निस्तेज कां येतो याचें त्यांना कोडें पडतें.

पातळी ठरवितांना तारसप्तकांतील सर्वांत जोरकस जागा आधीं गाऊन पाहावी, आणि पट्टीवरचा कांटा उणे १० डेसिबलच्या आसपासच थांबेल असें करावें. शून्यास पोहोंचलेला आवाज फाटतो व मग कोणत्याही युक्तीनें सांधतां येत नाहीं. २४ बिटांच्या मुद्रणांत थोडी कमी पातळी मुळींच बाधत नाहीं. तंबोऱ्याचा यांत्रिक सूर हेडफोनमध्यें ऐकावा. खोलींत मोकळा सोडल्यास तो गळ्यांत मिसळतो आणि पुढें वेगळा काढतां येत नाहीं.

थोडक्यांत, आधीं खोली, मग अंतर व दिशा, मग पातळी, आणि सर्वांच्या शेवटीं मायक्रोफोनची किंमत, असा हा क्रम आहे. नवशिक्यानें एकच पद तीन खोल्यांत गाऊन व तीन अंतरांवरून टिपून ऐकावें; त्यास हें कोणी सांगावें लागणार नाहीं. तरुण गळ्यास चुकलेलें मुद्रण उद्यां पुन्हा करतां येतें. ऐंशी वर्षांच्या ओवीस ती सवड असेलच असें नाहीं. तिच्यासाठीं महाग यंत्राची वाट पाहत बसण्यापेक्षां आज चार गोधड्या टांगून साध्या मायक्रोफोनवर ती टिपून घेणें अधिक शहाणपणाचें होय.