बुडालेलं जहाज बघायला जाताय? जरा थांबा!

'गुलदार' हे नौदलाचं जहाज २०२४ साली निवृत्त झालं. ते सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवायच्या प्रकल्पाची बातमी आली आणि आपल्या हॉस्टेलमध्ये स्कूबाचे प्लॅन शिजायला लागले. पण मित्रांनो, वाशिंदला भातसा नदीत पोहणं वेगळं आणि हे वेगळं!

समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर दाब चौपट आणि टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते. नायट्रोजनची गुंगी साधारण इथेच जाणवू लागते.

म्हणून मर्यादा ठरलेल्या आहेत. प्रशिक्षकाबरोबरची पहिली डुबकी १२ मीटरपर्यंत, ओपन वॉटर कोर्सनंतर १८, ॲडव्हान्स्डनंतर ३०. जहाजाच्या आत शिरायचं तर ट्रेनिंग वेगळंच, कारण डोक्यावर छप्पर असतं. हवा संपली तर सरळ वर येता येत नाही.

स्वतःला विचारा: इतक्या खोल मी आधी गेलोय का? पाण्यात एका जागी स्थिर राहता येतं का? हवेचा काटा कोणी न सांगता बघतो का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर यंदा उथळ पाण्यातले मासे बघा. जहाज काही पळून जात नाही!