चेन बदलायची हत्यारं: आधी काय घ्यायचं आणि काय दुकानातच ठेवायचं

चेन सेट बदलण्याच्या व्हिडिओत काम कसं करायचं ते आपण पाहिलं. आज त्यासाठी लागणाऱ्या खर्चाचा हिशेब बघू. धानोऱ्यासारख्या ठिकाणी घरच्या ओट्यावर दुचाकीचं काम सुरू करायचं असेल, तर पहिल्याच खरेदीत भांडवल अडकायला नको.

गडचिरोलीहून धानोरा, मुरूमगाव करत छत्तीसगडच्या सीमेकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मुख्य रस्ता सोडला की जंगलातल्या वाटा लागतात. उन्हाळ्यात धूळ, रोवणीच्या दिवसांत चिखल. चेनला लागलेल्या तेलावर ही माती बसली की ती कानशीसारखी काम करते, पिना आणि दाते झिजवते. अशी झिजलेली चेन चालत्या गाडीत उतरून अडकली, तर मागचं चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. म्हणून हे काम स्वस्तात करता येईल, पण कच्चं करून चालणार नाही.

नियम एकच: जे हत्यार प्रत्येक गाडीला लागतं, ते आधी

बाजारात गेलात की दुकानदार शंभर नगांची पेटी पुढे करतो. दिसायला छान असते, पण त्यातली बरीच हत्यारं पेटीतच राहतात. त्यापेक्षा सुटी आणि चांगली हत्यारं घ्या. खालचे भाव हिशेबापुरते अंदाजे धरा. गडचिरोलीत, चंद्रपुरात किंवा नागपुरात विचारून खात्री करा.

१. स्टीलची टेप, ₹७५. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. चेन ताणून धरा आणि २० कड्या मोजा, म्हणजे पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत. नव्या चेनची लांबी २५४ मिमी, म्हणजे बरोबर १० इंच भरते. २५९ मिमीच्या पुढे गेली तर चेन बदलायला आली असं समजा. हे माप गिऱ्हाईकासमोर घ्या. मग त्याला वेगळं पटवायची गरज पडत नाही.

२. नोज पक्कड, ₹२२५. या गाड्यांच्या चेनला बहुतेक वेळा क्लिपचं लॉक असतं. ते काढायला आणि बसवायला ही पक्कड पुरते.

३. रिंग-फिक्स पाने, १० पासून १९ नंबरपर्यंतचे नेहमीचे पाच, ₹९००. मागच्या एक्सलला दोन पाने लागतात: एक बोल्टचं डोकं धरायला, दुसरा नट फिरवायला. काही गाड्यांचा नट २२ किंवा २४ नंबरचा असतो. तुमच्या वस्तीत कोणत्या गाड्या जास्त आहेत ते मोजून या, मगच खरेदीला निघा.

४. दोन टी पाने, ₹३५०. चेन कव्हर आणि पुढच्या बाजूचे बोल्ट यासाठी.

५. एक्सलसाठी लांब दांडा आणि एक-दोन गोट्या, ₹६००. गंजलेला नट आखूड पान्याने सुटत नाही. जोर लावता लावता पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि हातही फुटतो.

६. स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि रॉकेलसाठी डबा, ₹२५०.

बेरीज ₹२,४००. पाना घेताना त्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय का बघा आणि तोंड नटावर घट्ट बसतं का तपासा. टपारियासारखा नाशिकचा जुना ब्रँड तालुक्याच्या दुकानातही मिळू शकतो. बिननावाच्या पान्यात थोडे पैसे वाचवून नट खराब केलात, तर ती भरपाई तुमच्याच खिशातून जाईल.

सध्या काय घ्यायचं नाही

चेन कटर: क्लिप लॉकची, मापाची चेन सेटमध्ये तयार येते. कटर लागतो तो रिव्हेट केलेल्या चेनला. अशी तीन कामं हातातून परत गेली, की मग घ्या.

पॅडॉक स्टँड: साध्या गाडीला मेन स्टँड असतोच.

स्प्रॉकेट धरायचं खास हत्यार: जुनी चेन काढण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका, मागचा ब्रेक दाबून धरा आणि पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. खर्च शून्य.

टॉर्क पाना मात्र पहिल्या कमाईतून घ्यायच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. तोपर्यंत एक्सल कसल्यावर नटावर रंगाची खूण करा. कॉटर पिन असेल तर नवीन टाका. आणि ५० किलोमीटर चालवून गाडी परत दाखवायला बोलवा.

हिशेब मांडू

समजा, सुटे भाग गिऱ्हाईक आणतो आणि तुम्ही मजुरी ₹१५० घेता. ₹२,४०० ची हत्यारं १६ गाड्यांत वसूल होतात. त्यात मोठी पेटी, कटर आणि स्टँड मिळून आणखी ₹८,१०० घातले, तर आकडा ₹१०,५०० वर जातो. म्हणजे तब्बल ७० गाड्या! काम तेच, मजुरी तीच, फक्त पैसा अडकला.

मग कर्ज काढायचं का? मुद्रा योजनेच्या शिशु गटात ₹५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. पण ₹२,४०० साठी हप्ता मागे लावून घेऊ नका. पुढे सुटे भाग, ऑइल, ट्यूब ठेवायचं दुकान टाकाल, तेव्हा त्याचा विचार करा. पीएम विश्वकर्मा योजनेतून हत्यारं मिळतील का, असंही काही जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप दुरुस्ती आहे, पण मोटारसायकल मेकॅनिक नाही. त्यामुळे त्या अर्जासाठी चकरा मारू नका. काम शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत दुचाकी दुरुस्तीचा वर्ग कधी आहे ते विचारा. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं.

तीन गोष्टी कधीच विसरायच्या नाहीत

इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची नाही. यात बोटं तुटतात. चाक हाताने फिरवा.

क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर धक्क्याने निघू शकते.

स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर नुसती चेन टाकू नका, पूर्ण सेट बदला. जुने दाते नवी चेन लवकर खातात. जुने भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्या, म्हणजे पैसे कशाचे घेतले ते त्याला दिसतं.

सुरुवात घरच्या गाडीपासून करा, मग काकाची, मग शेजाऱ्याची. मे महिन्यात, रोवणीची घाई सुरू व्हायच्या आत हात बसलेला असला पाहिजे. पेंढरी-रांगीकडचा माणूस चिखलाने भरलेली गाडी ढकलत तुमच्या दारात येईल. तुमच्याकडे हत्यारं किती आहेत हे तो मोजणार नाही. गाडी पुन्हा मध्येच बंद पडली नाही, तर मात्र चार लोकांना सांगेल.