आवाज कमवावा कसा?

गावोगावी भजनी मंडळे आहेत. दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री टाळ घेऊन देवळात उभं राहायचं, ही आपली जुनी रीत. आता कितीतरी गावांत बायकांचीही मंडळे आहेत. पण सप्ताह बसला की काय होतं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्या मंडळींचा गळा बसतो. कुणी म्हणतं, थंड पाणी बाधलं. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. बहुतेक वेळा खरं कारण वेगळंच असतं. गळा ताणून ओरडल्यामुळे तो बसतो.

आवाज ही देणगी आहे, हे खरं. पण शेत मिळालं म्हणून पीक येत नाही. मशागत करावी लागते. आवाजाचंही तसंच आहे. तो कमवावा लागतो आणि सांभाळावाही लागतो. ते कसं करायचं, हे आपण पाहू.

आवाज निघतो कुठून?

गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा आणि 'आ' म्हणा. बोटाला थरथर लागेल. घाटीच्या आत, श्वासनळीच्या तोंडाशी, दोन नाजूक पडदे असतात. त्यांची लांबी एक ते दोन सेंटीमीटर. छातीतून हवा वर येते, पडदे थरथरतात आणि आवाज निघतो. साधं बोलताना पुरुषाचे पडदे एका सेकंदात शंभराच्या वर वेळा थरथरतात. बाईचे दोनशेच्या आसपास. म्हणून बाईचा आवाज उंच असतो.

हे पडदे गाताना कसे हलतात, हे एका गाणं शिकवणाऱ्या माणसानेच पाहिलं. त्यांचं नाव मॅन्युएल गार्सिया. १८५४ साली त्यांनी एक छोटा आरसा घशात धरला. दुसऱ्या आरशाने उन्हाचा कवडसा त्यावर पाडला आणि स्वतःचे पडदे हलताना पाहिले. पुढे डॉक्टरही आरसा घालून घसा तपासू लागले.

आपण ओरडतो तेव्हा हे पडदे एकमेकांवर जोराने आपटतात. मग ते सुजतात. सुजलेले पडदे नीट मिटत नाहीत. यालाच आपण गळा बसला म्हणतो. सूज असतानाही रोज ओरडत राहिलं, तर पडद्यांवर गाठी येतात.

श्वास पोटातून घ्या

गाण्याचा जोर गळ्यात नसतो, श्वासात असतो. जमिनीवर उताणे झोपा. पोटावर हात ठेवा. श्वास घेताना पोट वर यावं, सोडताना खाली जावं. खांदे हलू नयेत. हे जमलं की बसून करा, मग उभं राहून करा.

आता तोंड मोकळं उघडून मध्यम आवाजात 'सा' लावा. पेटीचा किंवा एकतारीचा सूर सोबत असावा. सूर एकसारखा ठेवा. आधी आठ-दहा सेकंद टिकेल. रोज केलं तर हळूहळू पंधरा-वीस सेकंद टिकू लागेल. खालच्या सुरापासून सुरुवात करा आणि मग एकेक सूर वर चढा. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं पुरे. एकाच दिवशी दोन तास आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं करू नये.

आपली पट्टी ओळखा

खालचा 'प' ऐकू येतो आणि वरचा 'सा' ओरडल्याशिवाय लागतो, ती आपली पट्टी. बऱ्याच पुरुषांना काळी एक किंवा पांढरी दोन सोसते. बायकांना बहुधा काळी चार किंवा काळी पाच लागते. एकाची पट्टी दुसऱ्यावर लादली, तर त्याचा गळा ताणतो. बुवा उंच गातात म्हणून सगळ्यांनी उंच गावं, असं नाही. वरचा सूर लागत नसेल तर तेवढा सोडून द्यावा. देव काही रागावत नाही!

एवढं सांभाळा

पाणी वरचेवर प्या. चूल आणि बिडीचा धूर टाळा. सारखं खाकरू नका. त्यानेही पडदे आपटतात. सप्ताहात पाळ्या लावून गा. लाऊडस्पीकर असेल तर ओरडायचं कशाला? तोंड माईकजवळ न्या.

खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घसा ओला राहतो, बरं वाटतं. पण पडद्यांपर्यंत ते पोचत नाही. त्या वाटेला पाण्याचा थेंब गेला तरी ठसका लागतो. तेव्हा बसलेल्या गळ्याला खरं औषध म्हणजे विश्रांती. दोन-तीन दिवस गाणं बंद, बोलणं कमी. जोर लावून कुजबुजूही नका. त्यानेही पडद्यांना ताण पडतो.

केव्हा डॉक्टर गाठावा?

सर्दीने बसलेला गळा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवडे झाले तरी आवाज घोगराच राहिला, तर घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. बिडी ओढणारांनी आणि दारू पिणारांनी तर मुळीच चालढकल करू नये. स्वरयंत्राच्या कॅन्सरची पहिली खूण पुष्कळदा हीच असते. तो सुरुवातीला सापडला तर बहुतेक रोगी बरे होतात, आणि त्यांचा आवाजही वाचू शकतो. थुंकीतून रक्त पडलं किंवा श्वास अडकू लागला, तर एक दिवसही थांबू नका.

बैल दमला की आपण जू उतरवतो. गळा दुखला की गाणं थांबवावं. गाताना गळा दुखणं ही मेहनतीची खूण नव्हे, चुकीची खूण आहे. एवढं ध्यानात ठेवलं, तर सप्ताहाच्या सातव्या दिवशीही काल्याचं भजन मोकळ्या गळ्याने म्हणता येईल.