बीपीच्या गोळीचा ‘कोर्स’ कधी संपतो?

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. कोर्स पूर्ण केला की गोळ्या बंद, ही औषधाकडे पाहण्याची रीत त्या पिढीच्या अंगी मुरली ती उगाच नाही. जंतू मेले की औषधाचं काम खरोखरच संपतं. पुढे टेल्को, बजाज आली, कारखान्यांचा पट्टा चाकणपर्यंत पसरला, आणि तीन पाळ्यांत राबलेले पहिले कामगार निवृत्तही झाले. आता त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी बीपीची गोळी आहे आणि प्रश्न तोच आहे: आकडा नॉर्मल आला, मग बंद का नाही करायची? त्यात गोम एवढीच की नॉर्मल आकडा हा बहुधा गोळीचाच प्रताप असतो.

गेल्या पन्नास वर्षांतले प्रयोग या प्रश्नाचं सरसकट ‘नाही’ असं उत्तर देत नाहीत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या 1975 च्या अभ्यासात आटोक्यात बीपी असलेल्या 60 जणांच्या गोळ्या थांबवल्या. दीड वर्षानंतर जेमतेम 15 टक्क्यांचं बीपी औषधाविना नॉर्मल राहिलं. इथेच थांबलो असतो तर विषय संपला असता. पण 1998 च्या ‘टोन’ चाचणीत साठ ते ऐंशी वयाच्या लोकांची गोळी काढताना आधी मीठ आणि वजन कमी करायला लावलं होतं. ज्या लठ्ठ लोकांनी दोन्ही केलं, त्यांच्यात बीपी पुन्हा चढण्याचा, गोळी परत सुरू होण्याचा किंवा हृदयविकाराचा धोका काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्यावर आला. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या ‘ऑप्टिमाइज’ने ऐंशीपुढच्या, दोन किंवा अधिक औषधं घेणाऱ्यांचं एकच औषध कमी केलं. बारा आठवड्यांनी वरचं बीपी दीडशेच्या आत राहिलेल्यांचं प्रमाण 86 टक्के, औषध चालू ठेवलेल्यांत 88. निकाल दिलासादायक खरा, पण काळ तीनच महिन्यांचा, आणि बीपी सरासरी थोडं वर गेलंच. म्हणजे गोळीची गरज आधी कमी करायची आणि मग गोळी. उलट क्रमाने ते जमत नाही.

“आठवडा झाला, काही झालं नाही” हा सर्वांत फसवा पुरावा. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा रक्तातला अंश निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे पहिले काही दिवस बीपी शहाण्यासारखं वागतं आणि नंतर गुपचूप चढतं. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांचं तंत्र निराळं. ती एकदम तोडली तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, म्हणून ती काही आठवड्यांत उतरवायची. क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उसळी मारतं. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने, एका वेळी एकच औषध, आणि दंडाच्या यंत्राने पाच मिनिटं शांत बसून मोजत. नाइट शिफ्टवरून आल्या आल्या घेतलेला आकडा यात धरू नये. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा किडनीचा आजार होऊन गेलेल्यांच्या गोळ्या तर बीपीपलीकडच्या कामासाठीही असतात; तिथे हा विषय काढायचा तो त्या आजाराच्या तज्ज्ञापुढेच.

आक्षेप येतो की आयुष्यभर गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे. धंदा आहेच; पण अ‍ॅम्लोडिपिनचं पेटंट कधीच संपलंय, जनऔषधी केंद्रात ती स्वस्तात मिळते. कँटीनचं लोणचं-पापड आणि वडापाव सोडून दाखवणं तिच्यापेक्षा जड जातं. खरी अडचण वेगळीच आहे. औषध कमी करणाऱ्याला सुरू करणाऱ्यापेक्षा जास्त देखरेख लागते, आणि वर्षातून एकदाच्या कंपनी मेडिकलमध्ये ती होत नाही. राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत 2017 पासूनच्या हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हने प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून त्याचा पाठपुरावा करण्याची घडी बसवली. चाकणला ठेकेदार बदलला की दवाखाना बदलणाऱ्या कामगाराला अशी घडी मिळत नाही. त्याने निदान आकड्यांची वही स्वतःजवळ ठेवावी, आणि जोवर एकच डॉक्टर दर महिन्याला ती बघत नाही तोवर गोळी कमी किंवा बंद करू नये.